ओवाळणीचे टायर

भाऊबीजेला ओवाळणी भावानं घालायची असते, बहिणीनं नाही. पण गेल्या भाऊबीजेला आमच्या घरी ही रीत उलटी झाली. मी भावाला ओवाळलं आणि ओवाळणीही मीच घातली, सायकलचे दोन टायर! शेजारच्या भाभींना अजून त्याचं हसू येतं. पण त्या दोन टायरांपर्यंत पोहोचायला मला एक मोडलेलं मनगट आणि दोन चुका इतकी किंमत मोजावी लागली.

माझा धाकटा भाऊ साताऱ्याहून नोकरीसाठी आमच्याकडे फरिदाबादला आला, तो मे महिन्यात. गोवा एक्स्प्रेसमधून निजामुद्दीनला उतरला, तेव्हा हातात दोन बॅगा होत्या. आईनं दिलेलं मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी होती. आणि लगेजच्या डब्यातून उतरवून घेतलेली एक सायकल होती. तिला सीटच नव्हतं. आमच्या इमारतीच्या चौकीदारानं ती पाहिली आणि हळहळून विचारलं, ‘‘रस्त्यात सीट चोरीला गेलं का हो?’’

सीट चोरीला गेलं नव्हतं. त्या सायकलवर बसायचंच नसतं. या खेळाला ट्रायल्स म्हणतात. यात कोणी कोणाच्या पुढं जायचं नसतं. दगड, ओंडके, कट्टे, पायऱ्या यांच्यावरून सायकल न्यायची, प्रसंगी मागच्या एका चाकावर उड्या मारत न्यायची, पण पाय खाली टेकवायचा नाही. पाय टेकला की गुण गेला. हा खेळ आधी मोटारसायकलचा. स्पेनमधल्या कॅटालोनियात पेरे पी नावाचा मोटारसायकल ट्रायल्सचा नामवंत खेळाडू होता. त्याच्या लहान मुलाला सराव करता यावा म्हणून १९७० च्या दशकात त्यानं बिनइंजिनाचा हा प्रकार सुरू केला. तो मुलगा, ओत पी, पुढं सायकल ट्रायल्सचा जगज्जेता झाला. मला ही हकीकत ऐकून डनलॉपची आठवण झाली. बेलफास्टमधल्या या जनावरांच्या डॉक्टरनं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर बनवला आणि १८८८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. म्हणजे हवेचा टायर काय आणि हा खेळ काय, दोन्हींच्या मुळाशी मुलाचा हट्ट पुरवणारा एक बाप आहे.

आमच्या बाबांनी मात्र हट्ट पुरवला नव्हता. ‘‘उड्या मारून पोट भरतं का?’’ एवढंच ते विचारायचे. भावानं अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी तांबड्या मुरमात, काळ्या खडकांवर आपला आपण सराव केला होता. फरिदाबादला आल्यावर त्याला मिळालं ते आमच्या इमारतीमागचं सिमेंटचं अंगण, तीन पायऱ्या आणि ग्रॅनाइटचा एक बाक. संध्याकाळी कामावरून आला की तासभर तो तिथं असायचा आणि माझी नऊ वर्षांची लेक त्याची प्रेक्षक. मामा पायरीवर चढला की टाळ्या, पाय टेकला की ‘‘आऊट!’’

आठवडाभरातच त्याची कुरकुर सुरू झाली. सायकलच्या टायरांना मोठमोठ्या रबरी गोट्या होत्या, मुरमात रुतणाऱ्या. इथं गुळगुळीत सिमेंटवर मागचं चाक आडवं टेकलं की त्या गोट्या वाकायच्या, करकरायच्या आणि चाक सरकायचं. ‘‘ताई, इथं प्लेन टायर पाहिजेत. स्लिक म्हणतात त्यांना. अजिबात नक्षी नसलेले.’’ त्यानं चहाच्या एका रिकाम्या डब्यात पैसे टाकायला सुरुवात केली. पगारातून घरी पाठवायचे, मेट्रोचे, डब्याचे गेले की उरेल ते डब्यात.

अशात एक दिवस तो माझ्या स्कूटरपाशी उकिडवा बसलेला दिसला. मागच्या टायरवरून अंगठा फिरवून म्हणाला, ‘‘ताई, हा पार गोटा झालाय गं. पावसाच्या आधी बदल.’’

मी काय म्हणाले असेन? ‘‘वा रे वा! तू पैसे साठवून गुळगुळीत टायर आणणार, आणि माझा फुकटात गुळगुळीत झालाय तर तो बदलायचा?’’

सगळे हसले. हे तर पोट धरून हसले. मला चेव आला. सप्टेंबर २०२३ मध्ये इथं जवळच, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, मोटोजीपीची शर्यत झाली होती. टीव्हीवर ती पाहताना जगातल्या सगळ्यात वेगवान मोटारसायकलींच्या टायरांना नक्षी नसते, हे मी याच डोळ्यांनी पाहिलं होतं. मी तोही दाखला दिला. भाऊ काहीतरी समजावायला लागला, पण घरात हशा पिकलेला असताना शास्त्र कोण ऐकतो?

खरं सांगायचं तर, प्रश्न शास्त्राचा नव्हताच, पैशांचा होता. लेकीच्या शाळेची फी, घराचे हप्ते. ‘पुढच्या महिन्यात बघू’ हे वाक्य मी माहेराहूनच आणलेलं. आमचे बाबा स्कूटरचा टायर आतले धागे दिसेपर्यंत चालवायचे. वस्तू पुरती झिजवल्याशिवाय टाकायची नाही, ही त्यांची शिकवण. कपड्यांच्या, भांड्यांच्या बाबतीत ती सोन्यासारखी आहे. टायरच्या बाबतीत नाही, हे कळायला जुलै उजाडावा लागला.

दिल्लीत मोसमी पाऊस साधारण २७ जूनच्या सुमारास येतो. त्याआधी दोन-तीन महिने रस्त्यावर धूळ बसते, गाड्यांचं तेल सांडतं, चाकांचं झिजलेलं रबर साचतं. पहिल्या सरींनी त्या सगळ्याचा पातळ चिखल होतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, रात्री पाऊस पडून गेलेल्या एका सकाळी, मी लेकीला मागं बसवून शाळेकडे निघाले. उड्डाणपुलाखालच्या वळणावर समोरून एक कुत्रं आडवं आलं. मी ब्रेक दाबला. वेग काही जास्त नव्हता, पंचवीस असेल नसेल. पण मागचं चाक माझं राहिलंच नाही. ते बाजूला सरकलं, जसं काही कोणी खालून सतरंजी ओढली. आम्ही दोघी आडव्या.

मागून येणारी मोटार थांबली तेव्हा तिच्या आणि माझ्या लेकीच्या मध्ये चार हातांचं अंतर होतं. ते चार हात मला आजही रात्री कधीकधी दिसतात.

लेकीचा गुडघा सोलवटला होता आणि हेल्मेटवर लांबच लांब ओरखडा उमटला होता. तो ओरखडा हेल्मेट नसतं तर कुठं उमटला असता, याचा विचार मी करत नाही. माझं डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

चौथ्या दिवशी गॅलरीतून खाली पाहिलं, तर माझ्या स्कूटरला दोन्ही चाकांना कोरे टायर. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, ‘‘मी आज बदलणारच होतो. पण तुझ्या भावानं आधीच करोलबागेतून आणून बसवले.’’ मी स्वयंपाकघरात गेले. चहाचा डबा फळीवर जागेवर होता. उघडून पाहिला. रिकामा.

संध्याकाळी तो आला तेव्हा मला बोलता येईना. तोच म्हणाला, ‘‘पाऊस काय, तुझं प्लास्टर निघेपर्यंत थांबणार आहे का? दाजी तीच स्कूटर घेऊन जाणार ना शाळेत.’’ आणि हात धुवायला निघून गेला. ‘मी सांगत होतो’ असं तो तेव्हा म्हणाला नाही आणि नंतरही कधी म्हणाला नाही.

प्लास्टरच्या दिवसांत मला वेळच वेळ होता. एका रविवारी मी त्याला म्हटलं, ‘‘आता सांग. मी हसणार नाही. गुळगुळीत आणि गोटा यांत फरक काय?’’

त्यानं भाचीला कामाला लावलं. ‘‘जा, तुझी दोन खोडरबरं आण. एक नवं आणि एक जुनं, दप्तराच्या तळाशी पडून दगड झालेलं. आणि तुझा कंगवा. ताई, ताटात थोडा रवा दे.’’

मग जेवणाच्या टेबलावर आमची शाळा भरली. नवं, मऊ खोडरबर कोरड्या फरशीवर दाबून ढकलायला सांगितलं. हलेना. जुनं, कडक झालेलं ढकललं. सहज सरकलं. ‘‘रबर मऊ असलं की फरशीच्या बारीकसारीक खाचांत शिरून बसतं. कोरड्या, टणक जागी टायरला नक्षी नसेल तर जास्त रबर जमिनीला टेकतं, म्हणून पकड जास्त. शर्यतीचे स्लिक टायर असे खास मऊ रबराचे असतात, तापले की आणखी चिकटतात. तुझा टायर स्लिक नव्हता ताई. त्याचं हे जुनं खोडरबर झालं होतं. नक्षी गेली, मऊपणा गेला, उरलं ते कडक साल.’’

नंतर फरशीवर पाणी ओतलं. आता नवं खोडरबरही सरकलं. ‘‘मधलं पाणी जाणार कुठं? नक्षीच्या खाचा असतात त्या यासाठी. पाणी त्यांतून बाजूला पळतं आणि रबर जमिनीला भेटतं.’’

शेवटी ताटातल्या रव्यावर खोडरबर ठेवलं. ते वरचेवर घसरलं. कंगव्याचे दात रव्यात टेकवले, तर ते रुतले आणि ओढताना रवा सोबत ओढला गेला. ‘‘हे माझे साताऱ्याचे टायर. मुरूम, वाळू, माती असली की दात पाहिजेत. आणि आता हाच कंगवा फरशीवर दाबून ढकल.’’ दात वाकले, करकरले. अंगणातल्या सायकलचा आवाज अगदी तसाच होता.

माझी लेक म्हणाली, ‘‘म्हणजे मामा, टायर चांगला का वाईट ते जमीन ठरवते?’’ मला पत्रकारितेची पदविका घेऊन इतकी वर्षं झाली, पण इतकी नेमकी ओळ मला सुचली नसती.

आता मला शर्यतीचंही कोडं सुटलं. शर्यतीत नक्षी नसलेले टायर वापरतात ते ट्रॅक कोरडा असला तरच. पाऊस आला की सगळे धावत जाऊन खाचांचे टायर बसवतात. फॉर्म्युला वनचे मुसळधार पावसासाठीचे टायर ताशी तीनशे किलोमीटर वेगाला सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला फेकतात, असं ते बनवणारी पिरेली कंपनी सांगते. बुद्ध सर्किटवरच्या ज्या मोटोजीपीचा दाखला मी तोऱ्यात दिला होता, तिथंही २३ सप्टेंबर २०२३ च्या शनिवारी पावसामुळं छोटी शर्यत उशिरा सुरू करावी लागली होती. म्हणजे जगातल्या सर्वोत्तम चालकांनीही त्या टायरांनिशी पाण्याशी पैज लावली नव्हती. ती मी लावली, लेकीला मागं बसवून.

भाऊ प्रामाणिक आहे. तो म्हणाला, ‘‘नवे टायर असते तर घसरलीच नसतीस असं मी म्हणणार नाही. चिखल तो चिखलच. पण सावरायला तुला थोडी जागा मिळाली असती.’’

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी स्कूटर असेल, म्हणून मला नंतर समजलेल्या चार गोष्टी सांगून ठेवते. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणं दुचाकी आणि तीनचाकीच्या टायरच्या खाचा किमान ०.८ मिलिमीटर खोल असाव्या लागतात, मोटारीसारख्या इतर वाहनांच्या १.६ मिलिमीटर. मोजपट्टी शोधायची गरज नाही. टायरच्या खाचांच्या तळाशी ठिकठिकाणी छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला की त्याचं आयुष्य संपलं. शिवाय टायरच्या बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शिल्लक असली तरी वर्षानुवर्षं उन्हातान्हात उभ्या गाडीचं रबर कडक होतं, बारीक चिरा पडतात. दिल्लीच्या उन्हात तर पडतातच. आणि झाकणं, पांढरे पट्टे, लोखंडी पत्रे पावसात निसरडे होतात, तिथं टायर कोराकरकरीत असला तरी जपूनच.

ऑगस्टमध्ये प्लास्टर निघालं. पण मनात एक नवीनच भीती बसली. गुळगुळीत काहीही दिसलं की पोटात खड्डा पडायचा. भाऊ अंगणात उतरला की मी गॅलरीत. मी मनाशी ठरवून टाकलं, याचे पैसे मी खर्च करवले, तर याला टायर मीच घेऊन देणार. पण ते गुळगुळीत मुळीच नाही. बाजारात मिळतील तेवढ्या मोठ्या गोट्यांचे.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी तो म्हणाला, ‘‘चल ना ताई, एकदा बघ तरी.’’ तोपर्यंत त्याला इथले दोन-तीन सायकलवाले दोस्त मिळाले होते. आम्ही गुरुग्रामच्या रस्त्याला लागलो. दिल्लीच्या दक्षिणेला अरवलीच्या टेकड्या येतात, फरिदाबाद आणि गुरुग्रामच्या मधोमध. रस्त्याकडेला एका मोकळ्या जागी खडकांची रास होती. हा खडक आपल्या सह्याद्रीसारखा काळा नाही. क्वार्टझाइट म्हणतात त्याला. फिकट, अतिशय कठीण, धारदार कडांचा. आणि त्याच्यावर सगळीकडं बारीक खडी, धूळ आणि काटेरी झुडपांचा पाला.

तिथं पहिल्यांदा मी भावाकडं न पाहता त्याच्या चाकाकडं पाहिलं. चाकात हवा इतकी कमी की दगडावर टेकलं की टायर पोळीच्या कणकेसारखा पसरायचा आणि दगडाला कवेत घ्यायचा. ‘‘आणखी कमी केली तर रिम दगडावर आपटून ट्यूबला दोन भोकं,’’ तो म्हणाला. दगडाच्या कडेशी टायरच्या गोट्या बोटांसारख्या अडकायच्या, खडीत रुतायच्या. त्याचा एक दोस्त पालिका-उद्यानांत, पायऱ्यांवर खेळणारा होता. त्याच्या सायकलला प्लेन टायर. कोरड्या स्वच्छ खडकावर तो भावाइतकाच छान चढला. पण खडी पसरलेल्या उतारावर त्याचं चाक दोनदा निसटलं आणि त्यानं निमूटपणे सायकल खांद्यावर घेतली. त्यात त्याला लाज वाटली नाही. ही जागा आपल्या टायरची नाही, एवढंच त्यानं ओळखलं.

परत येताना मी गप्प होते. झिजलेल्या टायरला मी गुळगुळीत समजले, ही माझी पहिली चूक. ती काटकसरीनं झाली. आणि गोट्या जितक्या मोठ्या तितका भाऊ सुरक्षित, ही दुसरी. ती भीतीनं होणार होती. दोन्ही वेळा मी टायरकडं पाहत होते, जमिनीकडं नाही.

दिवाळीच्या आधी ऑफिस सुटल्यावर मी झंडेवालानच्या सायकल मार्केटमध्ये गेले. दुकानदारानं विचारलं, ‘‘मॅडम, प्लेन चाहिए या बटनवाला?’’ त्यानं दोन्ही काउंटरवर ठेवले. मोठ्या गोट्यांचा टायर मी हातात घेतला. जड होता, दणकट होता, बघून धीर येत होता. मग दुसरा घेतला. नक्षी नाही, अंगठ्यानं दाबला तर मऊ. पोटात तो खड्डा पडलाच.

मी दुकानदाराला नाही, स्वतःला प्रश्न विचारले. तो सहा दिवस कुठं खेळतो? सिमेंटवर. गोट्यांचा एक जोड त्याच्याकडं आहे का? आहे, आणि चांगल्या अवस्थेत आहे. पावसात तो अंगणात उतरतो का? नाही उतरत. सायकल पाण्यावरून तरंगत घसरेल इतका वेग या खेळात असतो का? माणूस चालतो तेवढाही नसतो. मग माझ्या भीतीला उरलं काय? त्या वळणावरचे ते चार हात. पण ती जमीन वेगळी होती आणि तो टायरही वेगळा होता.

‘‘प्लेन द्या,’’ मी म्हटलं.

भाऊबीजेला पाटावर बसवून त्याला ओवाळलं. त्यानं खिशातून पाकीट काढलं, तबकात ठेवलं. मी पलंगाखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेले टायर काढले आणि त्याच्या पुढ्यात ठेवले. त्यानं कागद फाडला, टायर हातात फिरवला, अंगठ्यानं दाबून पाहिला. बराच वेळ काही बोलला नाही. मग एकदम म्हणाला, ‘‘मला वाटलं, आणलेस तर तू बटनचेच आणशील.’’

‘‘तेच आणणार होते,’’ मी म्हटलं.

आता दर शनिवारी रात्री आमच्या गॅलरीत टायर बदलायचा कार्यक्रम असतो. सहा दिवसांचे प्लेन काढायचे, रविवारचे गोट्यांचे चढवायचे. लेक पाना धरून बसलेली असते. बाबा मागच्या महिन्यात साताऱ्याहून आले होते. त्यांनी खुर्ची ओढून हा सगळा खटाटोप पाहिला. एकासाठी दोन जोड म्हणजे उधळपट्टीच, असं ते म्हणणार या तयारीनं मी उभी होते. त्यांनी नातीला विचारलं, ‘‘दोन दोन कशाला गं लागतात मामाला?’’

‘‘आजोबा, जमिनी दोन आहेत ना,’’ ती म्हणाली.

साताऱ्याला पोहोचल्यावर बाबांचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली आणि ठेवता ठेवता म्हणाले, ‘‘बरं का, स्कूटरचे टायर बदलून घेतले. मागचा जरा गोटाच झाला होता.’’